झाकली मूठ : बुऱ्हाणपूरच्या घरखर्चाचा एक इतिहास

बुऱ्हाणपुरास येणारा प्रवासी तापीकाठचा शाही किल्ला पाहतो, जामा मशिदीतील अरबी व संस्कृत शिलालेखांपुढे क्षणभर थबकतो आणि नदीपलीकडे जैनाबादेस जाऊन, मुमताजमहलचा देह जेथे प्रथम ठेवला गेला तो आहुखाना पाहून परततो. फारुकी सुलतान, मोगल सुभेदार आणि मराठे सरदार यांच्या नावांनी या नगरीचा इतिहास भरलेला आहे. परंतु ज्या एका प्रश्नाने येथील घराघरांच्या रात्री व्यापल्या, तो प्रश्न म्हणजे हातात आलेल्या पैशांत सर्वांचे पोट कसे भरावे. त्याचे स्मारक या गावात कोठेही नाही. युद्धांच्या तारखा सांगता येतात. आपल्या आजीने तीन महिने तेलावाचून कसे काढले, ते साल मात्र कोणास सांगता येत नाही.

असे का व्हावे, याचा विचार करताना आम्हांस एका जुन्या म्हणीपाशी यावे लागले. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपण सहज म्हणून जातो. ओढगस्तीतल्या संसाराचे सारे शास्त्र या चार शब्दांत आहे. काटकसर करावयाची ती दिसू नये अशा रीतीने करावयाची. पाहुण्यास कळू नये, शेजाऱ्यास कळू नये आणि शक्य तर पोरांनाही कळू नये. जी गोष्ट दिसू नये म्हणून इतके कष्ट घेतले जातात, तिची नोंद इतिहासात न व्हावी यात नवल नाही. तरीही या गावच्या चारशे वर्षांत ही मूठ कोठे कोठे किंचित उघडलेली दिसते, तेवढे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ १६३० च्या दुष्काळापासून करू. त्या वर्षी शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास आला आणि सुमारे दोन वर्षे दरबार येथेच राहिला. त्याच साली गुजरात व दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची त्याने केलेली नोंद आजही वाचवत नाही. याच दुष्काळात देहू येथे तुकोबांचा संसार उद्ध्वस्त झाला आणि त्यांची पहिली पत्नी गेली, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. बादशहाने येथे लंगर उघडले. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे की, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांस वाटले जात आणि वीस सोमवारांत अशा रीतीने एक लाख रुपये वाटले गेले. सुमारे ७० लाख रुपयांचा महसूलही माफ झाला.

हा हिशेब चोख आहे, पण तो देणाऱ्याचा हिशेब आहे. घेणाऱ्यांची संख्या त्यात नाही. आणि जे रांगेत उभे राहिलेच नाहीत, त्यांचे काय? शेजारणीस धूर दिसावा म्हणून चुलीवर नुसते पाणी उकळत ठेवणाऱ्या बायांच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. अशा चुली त्या साली येथे किती पेटल्या असतील? १७ जून १६३१ रोजी बाळंतपणात मुमताजमहल येथे वारली, त्याची तारीख आपणांस ठाऊक आहे. त्याच उन्हाळ्यात याच गावात, घरातील अन्न इतरांस वाढून स्वतः झिजत गेलेल्या बायांची तारीख कोणी ठेवली नाही. बादशहाने उघड्या हाताने एक लाख वाटले, ते लिहिले गेले. झाकल्या मुठीतला सव्वा लाख मोजणारा कोणी नव्हता.

दुष्काळानंतर गाव पुन्हा उभे राहिले ते कापडावर. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने बुऱ्हाणपूरची तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे. सोन्यारुप्याच्या तारांचे कामही येथे होई. पुढे १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथील मोहल्ल्यांत माग घातले आणि हातमागांचे हे गाव कालांतराने यंत्रमागांचे झाले. मागावरच्या घराची अर्थव्यवस्था नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाची, आणि ती मागावर बसणाऱ्या पुरुषाच्या नावे. त्याच्यासाठी कांड्या भरणारी बायको, सूत उकलणारी म्हातारी आणि शाळेतून येऊन हातभार लावणारे पोर यांच्या श्रमाचा दर कोठेही लिहिलेला नसतो. घर तगते ते या न लिहिलेल्या श्रमावर.

विसाव्या शतकाच्या आरंभी लालबागेत ताप्ती मिल सुरू झाली आणि गावात एक नवीन गोष्ट आली. ती म्हणजे ठरल्या तारखेचा पगार. शेतकऱ्याचा संसार सुगी ते सुगी चालतो. विणकराचा बाजाराच्या आठवड्यावर चालतो. पगारदाराचा मात्र पहिल्या तारखेस सुरू होऊन विशीच्या आसपास अडखळतो. 'महिनाअखेर' हा शब्द आपल्या भाषेत जो धास्तीचा अर्थ घेऊन बसला आहे, तो पगाराबरोबरच आला असला पाहिजे. वाण्याकडची उधारीची वही, मारवाड्याकडे ठेवलेली पाटली आणि बायकांची भिशी ही तिन्ही या महिनाअखेरीची अपत्ये होत.

पगारदार कुटुंबाचा खर्च शास्त्रशुद्ध रीतीने मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबई इलाख्यात झाला. सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जवळपास अडीच हजार जमाखर्च गोळा केले आणि फिंडले शिरास यांचा त्यावरील अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ अन्नावर जातो आणि जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आहेत, असे त्यात दिसले. सर्वांत खळबळ उडवली ती एका तुलनेने. कामगारास मिळणारे अन्न तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यास मंजूर केलेल्या अन्नाहून कमी भरत होते. ही मूठ अर्धी उघडली असे म्हणता येईल. अर्धी म्हणण्याचे कारण इतकेच की, तो हिशेब कुटुंबाचा होता. कुटुंबाच्या आत कोणाच्या ताटात काय पडते, हे त्यातही आले नाही.

ते कोठे आले? आमच्या मते बायकांच्या आठवणींत आले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना, पतीच्या उदारपणाने वारंवार रिकामे होणारे घर त्या कसे भरत होत्या हे आपण हसत हसत वाचतो आणि पुस्तक मिटल्यावर गप्प होतो. जे पुस्तक लिहू शकल्या नाहीत त्यांचे लेखन फार तर हिशेबाच्या वहीत उरले. अशी एक वही आमच्या घरात आहे, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावा असे वाटले.

आमचे वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. आई लग्न होऊन बुऱ्हाणपुरास आली आणि पहिल्या महिन्यापासून तिने हिशेब लिहिला. वहीची पहिली पाने रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांची आहेत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि तेथून तिसरा रकाना रिकामा पडत गेला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पाव पैशाचे नाणे नव्हते, तेव्हा आण्याच्या मालाला दुकानदार सहा घेतो की सात, यावर रोज घासाघीस चाले. पुढे शेर-छटाक जाऊन १९६२ पर्यंत किलो आणि लिटर आले. वहीच्या समासात कितीतरी दिवस शेराचे किलो करण्याची आकडेमोड दिसते. दिल्लीत दशमान पद्धतीचा निर्णय झाला, त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी अशा समासांत झाली.

वहीवरून घराची रीत समजते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे आणि ज्वारीचे बिबडे घालून ठेवावयाचे, म्हणजे पावसाळ्यात भाजीचा खर्च निम्मा. गहू महाग झाला की कळण्याची भाकरी आणि ठेचा. सत्तरच्या आधीच्या टंचाईत कंट्रोलच्या दुकानातून आलेली अमेरिकेची लाल मिलो आम्ही नाके मुरडून खाल्ली. कापडाच्या या गावात राहूनही कापड वर्षातून एकदाच येई, आणि एकदा आले की त्यास मरण नसे. आईच्या लुगड्याचे बहिणीचे परकर होत, परकराची गोधडीची पुडे होत, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. वडिलांच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवण्याचे काम आई रात्री करी, कारण दिवसा ते शेजारणीस दिसले असते.

वहीतील एक सदर मात्र आम्हांस दीर्घकाळ कोडे होऊन बसले. प्रत्येक महिन्याच्या शेवटी 'किरकोळ' म्हणून एक रक्कम आहे. वडील हिशेब पाहत तेव्हा तिच्याविषयी कधीच विचारीत नसत. पुढे मावशीकडून कळले की, त्या किरकोळीत मावसभावाची परीक्षा फी होती, भिशीचा हप्ता होता आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेली, आजारपणासाठीची नोट होती. घरातील सर्वांत महत्त्वाचा खर्च सर्वांत क्षुल्लक नावाखाली लिहिला जात होता.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा दरडोई खेड्यात १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये, ही त्यांनी किमान गरजेची रेषा धरली. आम्ही चार भावंडे आणि आईवडील मिळून सहा माणसे; म्हणजे त्या किमतींनी १३५ रुपये. त्या मोजणीने आम्ही गरीब नव्हतो, आणि तसे म्हणवून घेणे आईला रुचलेही नसते. परंतु रेषेच्या वर राहणे म्हणजे काय, हे पुढील तीन वर्षांत आम्ही पाहिले.

१९७२ चा दुष्काळ शेजारच्या खानदेशासह साऱ्या महाराष्ट्राने सोसला. एप्रिल १९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. गहू बाजारातून अदृश्य झाला आणि वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे जागतिक संकट येऊन रॉकेल दुर्मिळ झाले. १९७३-७४ आणि १९७४-७५ या दोन्ही वर्षी घाऊक किमती वीस टक्क्यांहून अधिक वाढल्या. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून नोकरदारांची पगारवाढ पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेव म्हणून अडकवून ठेवला. पैसा हाती आला की भाव आणखी चढतील, असा त्यामागे अर्थशास्त्रीय विचार होता. ती रक्कम पुढे सव्याज हप्त्यांनी परत मिळाली हेही खरे. परंतु भाव चढत होते ते त्या वर्षी, आणि जेवावयाचे होते तेही त्याच वर्षी.

त्या काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमच्या आठवणीप्रमाणे घरात काहीही कमी झाले नव्हते. सकाळचा दुधाचा पेला तेवढाच होता. आईने मात्र त्या सुमारास कोरा चहा घेण्यास सुरुवात केली. दुधाचा चहा आपल्याला पचत नाही, असे ती सांगे आणि आम्ही ते खरे मानले. ती गेल्यानंतर वही चाळताना १९७४ च्या ऑगस्टचे पान समोर आले. दुधाच्या सदरात दीड लिटरचे सव्वा लिटर झालेले होते. पुढे भत्ता सुटला, मोठा भाऊ नोकरीस लागला, दुधाचा आकडा पुन्हा दीडवर गेला. पण कोरा चहा तिने अखेरपर्यंत सोडला नाही. खोटे एकदा सांगितले म्हणजे निभवावे लागते. आमच्या घरातील काटकसरीची ही एकमेव लेखी साक्ष आहे, आणि तीही एका पाव लिटरची.

याच वर्षांत मुंबईत ही मूठ उघडण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने १९७२ मध्ये महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त आघाडी उभी राहिली आणि हजारो गृहिणी लाटणी हाती घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. आजवर जे स्वयंपाकघरात लपवावयाचे होते ते त्यांनी चव्हाट्यावर आणले. रिकामा डबा ही गृहिणीची नामुष्की नसून राज्यकर्त्यांची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या आईने वर्तमानपत्रातील ते वृत्त वाचले, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बायांनी हिंमत केली हो." मग उठून तिने डब्यांची झाकणे नीट लावली.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना लेखणी जड होते. २००२ मध्ये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची नवी पाहणी झाली. आम्ही तेव्हा शासकीय सेवेत होतो. पाहणीच्या तक्त्यात तेरा प्रश्न होते. प्रत्येकास शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी, तितके कुटुंब गरीब. तापीकाठच्या एका खेड्यात आम्ही तपासणीसाठी एका विधवा बाईच्या दारी गेलो. अंगण सारवलेले, भांडी घासून लावलेली. कर्ज आहे का, असे विचारले. "नाही साहेब, कोणाचं देणं नाही." कर्ज नसणे हे तक्त्यात संपन्नतेचे लक्षण होते. जेवण? "दोन वेळचं मिळतं." कपडे माणशी किती, हाही एक प्रश्न होता. तिने ट्रंक उघडून दाखवली. घड्या करून ठेवलेल्या कपड्यांत तिच्या गेलेल्या नवऱ्याचे दोन सदरे होते. तेही मोजले गेले.

तिचे नाव मर्यादेच्या दोन गुणांनी वर राहून यादीतून सुटले. शेजारच्या घरी कर्ज होते, अंगणात पसारा होता, ते यादीत आले. त्यांचीही गरज खरीच होती, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु जिने उसने न घेता, फाटलेले शिवून आणि भूक झाकून संसार केला, तिची काटकसरच तिच्याविरुद्ध पुरावा ठरली. तक्ता आम्ही केला नव्हता, हे खरे. पण कोऱ्या चहाच्या घरात वाढलेल्या माणसास ती ट्रंक वाचता यावयास हवी होती. त्या तक्त्यावर तपासणी अधिकारी म्हणून आमची सही आहे.

पुढे गुणांची ही पद्धत गेली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत निकष बदलले, २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला आणि धान्य पुष्कळ अधिक घरांपर्यंत पोहोचू लागले. यात समाधान आहे. बुऱ्हाणपूर १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले, त्यामुळे कचेऱ्या जवळ आल्या. पण मार्च २०२० च्या टाळेबंदीत ताप्ती मिल थांबली आणि टाळेबंदी उठल्यावरही साचे चालू झाले नाहीत, तेव्हा लालबागेतील किती घरांत पुन्हा कोरा चहा सुरू झाला असेल, ते कोणत्या तक्त्यात आले? उधारी आता वहीत न राहता मोबाइलवर गेली आहे आणि भिशीला येथे बीसी म्हणतात. झाकण्याची रीत मात्र तीच आहे.

काटकसर हा सद्गुण आहे असे आपण मुलांना शिकवतो, आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश करतो. तो चुकीचा नाही. परंतु अंथरूण आखूड असते तेव्हा घरातील कोणीतरी एकजण थंडीत पाय पोटाशी घेऊन निजतो, आणि तो बहुधा ठरलेलाच असतो, हेही त्याच श्वासात सांगावयास हवे. काटकसरीचे कौतुक करून थांबणे म्हणजे त्या माणसाचा वाटा पुन्हा एकदा लपवणे होय.

या गावात कुंडी भंडारा आहे. खानखानाच्या काळी, १६१५ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून नगरापर्यंत आणले गेले. वरून चालणाऱ्यास नुसती माळरानातील कुंड्यांची तोंडे दिसतात. पाणी पाहावयाचे तर वाकून आत पाहावे लागते. घरखर्चाचा इतिहासही असाच वाकून पाहावा लागतो. आमची वाचकांस एक विनंती आहे. घरातील जुन्या हिशेबाच्या वह्या, रेशनकार्डे, उधारीच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नयेत. त्यांत 'किरकोळ' असे जेथे लिहिले असेल तेथे थांबावे आणि घरातील वडीलधाऱ्या बाई हयात असतील तर त्यांना विचारावे. त्या प्रथम काहीच सांगणार नाहीत. थोडा वेळ बसून राहावे. आम्ही विचारावयास हवे होते तेव्हा विचारले नाही, आणि त्या खेड्यातील अंगणात विचारले ते चुकीचे विचारले.